सतराव्या-अठराव्या शतकातल्या अमेरिकन पाद्र्यांची पत्रं : प्रवचनांच्या आधी ही वाचा

गोदाकाठ

अमेरिकेत शाळा शिकलेल्या बहुतेकांना जोनाथन एडवर्ड्स हे नाव एका प्रवचनामुळे माहीत असतं. ८ जुलै १७४१ रोजी एन्फील्ड गावात त्याने ते दिलं. आगीवर धरलेल्या कोळी-किड्यासारखा माणूस देवाच्या हातात लटकतो आहे, आणि तो हात केव्हाही सुटेल. ऐकणारे किंचाळत होते, रडत होते, त्यामुळे त्याला मध्येच थांबावं लागलं. पाठ्यपुस्तकांत हेच येतं आणि एक कठोर, नरकाची भीती घालणारा पाद्री एवढीच त्याची ओळख उरते.

माझं म्हणणं असं की या माणसांकडे जायचं तर वाट पत्रांची धरावी. प्रवचन आणि ग्रंथ मागाहून वाचावेत.

एकच पत्र सांगतो. मॅसॅच्युसेट्समधल्या नॉर्थॅम्प्टन गावात १७३४-३५ च्या हिवाळ्यात धर्मजागृतीची मोठी लाट आली. लोक गुत्त्यात जायचे ते पाद्र्याच्या घरी गर्दी करू लागले, भांडणं मिटली, सहा महिन्यांत तीनशेच्या वर माणसांना आपला उद्धार झाला असं वाटू लागलं. ३० मे १७३५ ला एडवर्ड्सने हे सगळं बॉस्टनच्या बेंजामिन कोलमन या ज्येष्ठ पाद्र्याला लिहून काढलं. तेव्हा तो एकतीस वर्षांचा होता. पत्रात आनंद ओसंडतो आहे.

ते पत्र लगेच रवाना झालं नाही. ३ जूनला त्याने खाली ताजा कलम जोडला. मधल्या रविवारी सकाळी त्याच्या मावशीचे यजमान जोसेफ हॉली यांनी स्वतःचा गळा चिरून घेतला होता. हॉली गावातले प्रतिष्ठित व्यापारी होते. आपल्या आत्म्याचं काय होणार या काळजीने ते खचत गेले होते, रात्र रात्र झोप नव्हती. ज्या लाटेचं वर्णन वर केलं आहे, तिच्यातच हे घडलं. एडवर्ड्सने वरचा मजकूर बदलला नाही, नवं पत्रही लिहिलं नाही. आनंद आणि त्याखाली ही बातमी, एकाच कागदावर.

पुढे या पत्राचाच विस्तार होऊन १७३७ मध्ये लंडनला पुस्तक निघालं आणि त्याने एडवर्ड्सचं नाव सगळीकडे पोचवलं. आत्महत्येचा प्रसंग त्या पुस्तकातही आहे. मात्र तिथे ते एक सद्गृहस्थ आहेत, ज्यांच्या घराण्यात उदासीचा रोग होता. नाव नाही, नातं नाही.

हॉलींचा मुलगा, त्याचंही नाव जोसेफच, तेव्हा अकरा वर्षांचा होता. तो मोठा होऊन वकील झाला. १७५० मध्ये नॉर्थॅम्प्टनच्या मंडळीने एडवर्ड्सला काढून टाकलं तेव्हा त्या पक्षाच्या पुढाऱ्यांत तो होता. वादाचं कारण प्रभुभोजनाचं, म्हणजे येशूच्या स्मरणार्थ मंडळीने भाकरी-द्राक्षारस घेण्याच्या विधीचं होतं : एडवर्ड्सचे आजोबा सॉलोमन स्टॉडर्ड यांनी ते जवळजवळ सर्वांना खुलं ठेवलं होतं, नातवाने आधी श्रद्धेची कबुली हवी असा आग्रह धरला. मतदानात एडवर्ड्सच्या बाजूने दहातला एकही माणूस नव्हता. आणि १७६० मध्ये याच हॉलीने बॉस्टनच्या वर्तमानपत्रात पत्र छापून जाहीर पश्चात्ताप केला. एडवर्ड्स तेव्हा दोन वर्षांपूर्वीच वारलेला होता.

गळा चिरलेला बाप, त्याच्या पाद्र्याला गावातून घालवणारा मुलगा, मग त्याच मुलाची माफी. हे सगळं पत्रांमुळे जुळतं. कोणी यातलं वाचलं असेल तर जरूर लिहा.

---

सांजवेळ

वाचतेय. हॉलीची गोष्ट पहिल्यांदाच कळली. एक प्रश्न : काढून टाकल्यावर एडवर्ड्सचं काय झालं? घर, मुलंबाळं?

---

गोदाकाठ

सांजवेळ, मोठा संसार होता, अकरा मुलं. १७५१ मध्ये तो स्टॉकब्रिजला गेला. सरहद्दीवरचं गाव, तिथे मोहिकन या मूळ रहिवासी जमातीसाठी मिशन होतं. जाडजूड तात्त्विक ग्रंथ त्याने तिथेच लिहिले. १७५७ मध्ये त्याचा जावई वारला. तो प्रिन्स्टनच्या कॉलेजचा अध्यक्ष होता, ती जागा सासऱ्याला देऊ केली गेली.

त्यावर १९ ऑक्टोबरला त्याने विश्वस्तांना लिहिलेलं उत्तर वाचा. आपण या जागेला का लायक नाही याची यादीच त्यात आहे. प्रकृती नाजूक, मन वारंवार खचतं, बोलण्यात आणि वागण्यात पोरकटपणा वाटावा असा दुबळेपणा येतो, बीजगणित येत नाही, ग्रीक अभिजात साहित्य कच्चं आहे. शिवाय जगाच्या उद्धाराचा इतिहास सांगणारा एक मोठा ग्रंथ मनात आहे, तो लिहायचा राहील. एन्फील्डला लोकांना रडवणारा तो हाच. शेवटी तो गेला, देवीची साथ होती म्हणून टोचून घेतलं, आणि त्यातच २२ मार्च १७५८ ला मरण आलं. ग्रंथ लिहायचा राहूनच गेला.

---

अनुस्वार

गोदाकाठ, लेख आवडला, पण पत्र म्हणजे खाजगी आणि खरं, प्रवचन म्हणजे जाहीर आणि बेतलेलं, अशी जी विभागणी तुमच्या मांडणीत डोकावते ती त्या काळाला लागू होत नाही.

त्या काळी पाद्र्याचं पत्र एका माणसासाठी नसायचं. ते चार घरांत वाचलं जायचं, उतरवून घेतलं जायचं, सागरापार जायचं. तुम्ही दिलेल्या पत्राचंच पाहा. कोलमनने त्यातला मजकूर लंडनच्या आयझॅक वॉट्स आणि जॉन गाइज या पाद्र्यांना कळवला, त्यांना आणखी हवं होतं म्हणून एडवर्ड्सने विस्तार केला. मग त्या दोघांनी छापताना काटछाट केली, वाक्यं बदलली, आणि मुखपृष्ठावर नॉर्थॅम्प्टन चक्क न्यू हॅम्पशायरमध्ये नेऊन ठेवलं. एडवर्ड्सने स्वतःच्या प्रतीवर हाताने तक्रार लिहून ठेवली आहे की संपादकांनी वस्तुस्थितीशी न जुळणाऱ्या गोष्टी छापल्या.

याहून जुनं उदाहरण जॉन कॉटन आणि रॉजर विल्यम्स या दोन पाद्र्यांचं. विल्यम्सला १६३५ मध्ये मॅसॅच्युसेट्समधून हद्दपारीची शिक्षा झाली, त्यानंतर कॉटनने त्याला पत्र लिहून ती कशी योग्य होती हे समजावलं. हे पत्र पुढे लंडनमध्ये छापून आलं. आपण ते छापायला दिलं नव्हतं असं कॉटनचं म्हणणं. विल्यम्सने १६४४ मध्ये त्याला पुस्तकाने उत्तर दिलं, नंतर कॉटनने विल्यम्सच्या दुसऱ्या पुस्तकावर पुस्तक लिहिलं, त्यावर पुन्हा विल्यम्सचं, हे १६५२ पर्यंत चाललं. एका पत्रातून सुरू झालेला वाद अख्ख्या इंग्रजी जगाने वाचला. अशी पत्रं लिहिताना उद्या हे छापलं जाईल याची जाणीव लिहिणाऱ्याला असणारच.

---

गोदाकाठ

मुद्दा पटतो. आणि म्हणूनच मला तो ताजा कलम आणखी मोठा वाटतो. हे पत्र पुढे फिरणार, हे एडवर्ड्सला माहीत असणारच. त्याच्या गावाची कीर्ती होऊ घातली होती. तरीही आपल्याच नातलगाची आत्महत्या, तीही नात्याच्या उल्लेखासह, त्याने खाली लिहिली. त्या घराण्याच्या आजाराबद्दल आणि सैतानाने साधलेल्या संधीबद्दल तो लिहितो, म्हणजे स्पष्टीकरण द्यायचा प्रयत्न आहेच. पण लपवलेलं नाही.

---

मेघना_प

रॉजर विल्यम्सचं नाव आलंच आहे तर थांबवत नाही. पत्रं म्हटलं की मला आधी तोच आठवतो.

जानेवारी १६३६, कडाक्याची थंडी. त्याला पकडून जहाजावर घालून इंग्लंडला पाठवायचं ठरत होतं, तोवर तो निघून गेला. पुढे १६७० मध्ये मेजर जॉन मेसनला लिहिलेल्या पत्रात तो सांगतो की नॅरागन्सेट उपसागराकडे जा असं आपल्याला गुपचूप लिहून कळवलं ते जॉन विन्थ्रॉपने. म्हणजे ज्या वसाहतीने हाकललं तिच्याच सर्वांत वजनदार पुढाऱ्याने! आणि हाच विल्यम्स पुढे कित्येक वर्षं विन्थ्रॉपला पत्रं लिहून नॅरागन्सेट आणि पीकॉट या मूळ रहिवासी जमातींच्या हालचाली, तह, भांडणं कळवत राहिला. मतभेद टोकाचे, तरी पत्रव्यवहार तुटला नाही. त्याने वसवलेल्या प्रॉव्हिडन्स गावाला १६५५ च्या सुमारास लिहिलेलं पत्र तर कोणीही वाचावं. गाव म्हणजे समुद्रात निघालेलं जहाज. त्यावर कॅथलिक आहेत, प्रोटेस्टंट आहेत, ज्यू आहेत, तुर्क आहेत. कोणालाही जहाजावरच्या प्रार्थनेला बळजबरीने आणू नये, कोणाला स्वतःची प्रार्थना करायला अडवू नये. पण जहाज कुठे न्यायचं, शिस्त कशी राखायची, हे कप्तान ठरवणार आणि ज्याने त्याने आपला वाटा उचलायचा. गावात काही जण धर्मस्वातंत्र्याच्या नावाखाली पहाऱ्याची जबाबदारी नाकारत होते, त्यांना हे उत्तर होतं.

आणखी एक : तरुणपणी तो न्यायाधीश एडवर्ड कोक यांच्यासाठी लघुलिपीत टिपणं घ्यायचा. एका जुन्या पुस्तकाच्या समासात त्याने याच लघुलिपीत लिहिलेला मजकूर २०१२ मध्ये ब्राउन विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी उलगडला. बालकांचा बाप्तिस्मा या विषयावरचं लेखन निघालं, जॉन एलियट या पाद्र्याला दिलेलं उत्तर. साडेतीनशे वर्षांनी!

---

रानवाट

तुम्ही सगळे मनापासून लिहिता आहात, पण एक विचारते. एडवर्ड्सच्या घरात गुलाम होते. १७३१ मध्ये न्यूपोर्टला जाऊन त्याने व्हीनस नावाची मुलगी ८० पौंडांना विकत घेतली, त्याची पावती आजही जपलेली आहे. त्याच्या इच्छापत्रानंतर केलेल्या मालमत्तेच्या यादीत टायटस नावाचा मुलगा गुरांच्या आसपास येतो. अशा माणसाच्या मनाच्या घालमेलीत आपण इतकं का गुंतायचं? त्या व्हीनसची घालमेल कुठे लिहिली आहे?

---

गोदाकाठ

कुठेही नाही. आणि हा प्रश्न या धाग्यावर यायलाच हवा होता.

याबद्दलही एडवर्ड्सचा एक कागद आहे : एका पत्राचा कच्चा खर्डा. शेजारच्या नॉर्थफील्ड गावात मंडळीने आपल्या पाद्र्यावर गुलाम बाळगल्याबद्दल आक्षेप घेतला होता, त्या पाद्र्याच्या बचावासाठी मुद्दे जुळवताना हे लिहिलं आहे. आफ्रिकेतून माणसं पकडून आणण्याच्या व्यापाराला तो वाईट म्हणतो. घरात गुलाम असण्याचं समर्थन करतो. वाक्यं अर्धवट, ओळी खोडलेल्या. आक्षेप घेणाऱ्यांना तो म्हणतो की तुम्हीही गुलामांच्या श्रमावर पिकलेलं खाता.

त्याला कळत नव्हतं असं म्हणायची सोय हा कागद ठेवत नाही. १७४० च्या आसपास मॅसॅच्युसेट्सच्या खेड्यात शेतकरी लोक पाद्र्याला हे विचारत होते. प्रवचनं कितीही चाळली तरी हे सापडणार नाही. त्याचा शिष्य सॅम्युअल हॉपकिन्स १७७६ मध्ये गुलामगिरीविरुद्ध उघड लिहितो, एडवर्ड्सचा त्याच नावाचा मुलगा जोनाथन १७९१ मध्ये तिच्याविरुद्ध प्रवचन देतो. बापाने मात्र खर्डा करून ठेवून दिला.

---

पूर्वकिनारा

रानवाट यांच्या प्रश्नाला जोडून. पाद्री म्हटलं की सगळे गोरेच, असं नव्हतं. सॅमसन ऑकम यांना वाचा (१७२३-१७९२). कनेटिकटच्या मोहिगन या मूळ रहिवासी जमातीचे (वरच्या मोहिकनांहून वेगळी). एलियाझर व्हीलॉक नावाच्या पाद्र्याकडे शिकले, इंग्रजी, लॅटिन, ग्रीक, थोडं हिब्रू. १७५९ मध्ये प्रेस्बिटेरियन पंथाची दीक्षा मिळाली.

लाँग आयलंडवर माँटॉकेट लोकांमध्ये त्यांनी कित्येक वर्षं शाळा चालवली, धर्मोपदेश केला. पगार इतका तुटपुंजा की मासे धरायचे, रानपाखरं मारायची, लाकडाचे चमचे कोरायचे, देवदाराच्या बादल्या करायच्या, जुन्या पुस्तकांची बांधणी करून द्यायची. १७६८ मध्ये त्यांनी आपली हकीगत लिहिली. त्यात ते हिशोबच मांडतात : एका तरुण गोऱ्या मिशनऱ्यावर संस्थेने एका वर्षात १८० पौंड खर्च केले, दुभाष्या आणि वाटाड्या धरून. मला बारा वर्षांत मिळून तेवढे दिले. आणि मी स्वतःच दुभाषा होतो, मास्तर होतो, पाद्री होतो, माझ्या लोकांचे कान, डोळे, हात आणि तोंडही मीच होतो. शेवटी म्हणतात, मी गरीब इंडियन (म्हणजे अमेरिकेतला मूळ रहिवासी) आहे म्हणूनच हे असं, याशिवाय दुसरं कारण मला दिसत नाही. देवाने मला असा केला, मी स्वतःला असा केला नाही.

ही हकीगत १९८२ पर्यंत छापली गेली नव्हती. त्या जमान्यात छापलं गेलं आणि पुन्हा पुन्हा छापलं गेलं ते १७७२ मधलं त्यांचं प्रवचन. खुनाबद्दल फाशी जाणाऱ्या मोझेस पॉल या इंडियन माणसापुढे दिलेलं. त्यात दारूच्या नाशाबद्दल कळवळून सांगितलं आहे. लोकांना तेवढंच ऐकायचं होतं. गोदाकाठ, तुमचं म्हणणं ऑकमच्या बाबतीत सगळ्यात जास्त लागू पडतं.

पुढची गोष्ट तर जिव्हारी लागते. व्हीलॉकने त्यांना १७६५ च्या अखेरीस इंग्लंड-स्कॉटलंडला पाठवलं, इंडियन मुलांच्या शाळेसाठी पैसे जमवायला. दोन वर्षांच्या आसपास राहून, शेकडो ठिकाणी प्रवचनं देऊन त्यांनी १२ हजार पौंडांच्या घरात रक्कम उभी केली. बायकोमुलांची काळजी घेऊ म्हणून सांगितलं होतं, परत येऊन पाहतात तर घराचे हाल. आणि व्हीलॉकने तो पैसा न्यू हॅम्पशायरमध्ये डार्टमथ कॉलेज उभारायला वळवला, तिथे मुख्यतः गोरी मुलं. १७७१ मध्ये ऑकमनी व्हीलॉकला लिहिलं आहे, ते मी अधूनमधून काढून वाचतो. तुमची ही विद्येची आई आता इतकी गोरी झाली आहे की सावळ्या लेकरांना पाजणार नाही. तुम्ही मला देशोदेशी तमाशा करून फिरवलंत. ज्याने शिकवलं, ज्याच्यामुळे पुढे आलो, त्याला हे तोंडावर सांगायचं. पत्रात मर्यादा सुटलेली नाही, पण नातं तिथे संपतं.

---

सांजवेळ

पूर्वकिनारा, वाचून सुन्न झाले. ही पत्रं मिळतात कुठे?

---

पूर्वकिनारा

डार्टमथनेच त्यांची पत्रं, रोजनिश्या, प्रवचनं इंटरनेटवर मोफत ठेवली आहेत, मूळ पानाचं छायाचित्र आणि बाजूला वाचून काढलेला मजकूर. मूळ कागद मात्र २०२२ च्या एप्रिलमध्ये कॉलेजने मोहिगन जमातीला परत केले.

आणि हो, १७७४ च्या फेब्रुवारीत फिलिस व्हीटली या गुलामगिरीतून नुकत्याच मोकळ्या झालेल्या कवयित्रीने ऑकमना पत्र लिहिलं, तेही वर्तमानपत्रांत आलं होतं. स्वातंत्र्याच्या घोषणा देत दुसऱ्यांवर सत्ता गाजवणाऱ्यांची विसंगती तिने त्यात शांतपणे दाखवली आहे. ते चुकवू नका.

---

वैद्यबुवा

देवीचा उल्लेख आला म्हणून माझ्या विषयातलं एक पत्र. बॉस्टनचा पाद्री कॉटन मॅदर, वर आलेल्या जॉन कॉटनचा नातू. सेलमच्या चेटकीण-खटल्यांमुळे बदनाम. खरं तर तिथेही ३१ मे १६९२ ला त्याने न्यायाधीश जॉन रिचर्ड्सना पत्र लिहून बजावलं होतं की अमक्याची छाया येऊन छळते, अशा नुसत्या छायारूपाच्या साक्षीवर विसंबू नका. थोड्याच महिन्यांत मात्र त्याच न्यायालयाची बाजू घेणारं पुस्तक काढलं. पत्रातली सावधगिरी पुस्तकात राहिली नाही.

माझं पत्र वेगळं आहे. १२ जुलै १७१६, लंडनच्या रॉयल सोसायटीतल्या जॉन वुडवर्डना. मॅदर लिहितो की तुर्कस्तानात देवी टोचतात ही बातमी तुमच्याकडून कळण्याच्या कितीतरी आधी मी ती आपल्या आफ्रिकन नोकराकडून ऐकली होती. 'नोकर' म्हणजे गुलाम, नाव ओनेसिमस. मंडळीने १७०६ मध्ये मॅदरला 'भेट' दिलेला. तुला देवी आल्या होत्या का, असं विचारल्यावर तो हो आणि नाही असं दोन्ही म्हणाला, दंडावरचा व्रण दाखवला आणि आपल्या मुलखातली टोचण्याची रीत समजावली. मॅदरने ते ऐकलं, आणखी आफ्रिकन लोकांना विचारून पडताळलं.

१७२१ मध्ये साथ आली तेव्हा त्याने बॉस्टनच्या डॉक्टरांना लिहिलं. एक झॅब्डिएल बॉइल्स्टन सोडला तर सगळे उलटले. बॉइल्स्टनने २४० च्या आसपास लोकांना टोचलं, त्यातले ६ वारले. एरवी त्या साथीत शहरात ८४४ मृत्यू झाले. लोक इतके बिथरले की नोव्हेंबरात मॅदरच्या घरात खिडकीतून पेटता हातबाँब फेकला. तो फुटला नाही. रानवाट, व्हीनसचं बोलणं कोणी लिहून ठेवलं नाही, पण ओनेसिमसचं थोडं का होईना या पत्रात उतरलं आहे.

---

रानवाट

हो, आणि तेही मॅदरला उपयोगी पडलं म्हणून उतरलं. ओनेसिमसने त्याच वर्षी, १७१६ मध्ये, आपल्या बदल्यात दुसरा माणूस विकत घेण्यासाठी पैसे देऊन अर्धवट मोकळीक मिळवली. मॅदरने त्यातही अटी घातल्या होत्या. पण पत्र वाचायला हवं हे मान्य.

---

अनुस्वार

मॅदरचा भारताशीही पत्रसंबंध होता. तमिळनाडूतल्या तरंगंबाडीला डॅनिश आश्रयाखाली काम करणाऱ्या झीगनबाल्ग या जर्मन मिशनऱ्याला, ज्याने तमिळ नवा करार छापला, त्याने बॉस्टनहून लॅटिनमध्ये पत्र लिहिलं. पत्र गेलं, आणि १७१९ मध्ये झीगनबाल्ग वारला. उत्तर त्याचा सहकारी ग्रुंडलरने दिलं, मग तोही लवकरच गेला. मॅदरने १७२१ मध्ये हा व्यवहार 'इंडिया क्रिस्तियाना' या छोट्या पुस्तकात बॉस्टनला छापला. तेव्हा मुंबई बेटावर कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचा धाक होता, आणि बॉस्टनमध्ये कोरोमंडलची पत्रं वाचली जात होती.

---

जुनं_नगर

मग आमच्या भागापर्यंत येऊ द्या. एडवर्ड्सने १७४९ मध्ये डेव्हिड ब्रेनर्ड या तरुण मिशनऱ्याची रोजनिशी संपादित करून छापली. क्षयाने एकोणतिसाव्या वर्षी वारलेला, एडवर्ड्सच्याच घरी. ती रोजनिशी विल्यम कॅरी या इंग्रज मिशनऱ्याच्या हातात पडली, पुढे कॅरीने श्रीरामपूरला पंडित वैजनाथ शर्मा यांच्या मदतीने मराठी व्याकरण (१८०५) आणि कोश (१८१०) केला. आणि एडवर्ड्स-हॉपकिन्सच्या विचारात वाढलेल्या तरुणांनीच १८१० मध्ये अमेरिकन बोर्ड ही परदेशी मिशनरी पाठवणारी संस्था काढली, ज्यातून अमेरिकन मराठी मिशन आलं.

या बोर्डाचे मिशनरी गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईत उतरले तेव्हा इंग्लंड-अमेरिका युद्ध चालू होतं. कंपनी सरकारने निघून जा म्हणून सांगितलं. त्यांनी गव्हर्नर सर इव्हान नेपियन यांना पत्रांवर पत्रं लिहिली : आज्ञा पाळतो, पण देवाच्या आज्ञेविरुद्ध तुम्ही आम्हाला घालवता आहात, याचा जाब तुम्हाला द्यावा लागेल. भाषा आदराची, पण मागे हटणं नाही. शेवटी राहू दिलं. हॉल मराठी शिकून गावोगाव हिंडला आणि २० मार्च १८२६ ला नाशिककडच्या फेरीत पटकीने वारला. याच मिशनच्या मुंबईतल्या छापखान्यात गणपत कृष्णाजी छपाई शिकले, आणि याच मिशनने १८४२ मध्ये नगरहून 'ज्ञानोदय' काढलं.

धर्मांतराच्या बाबतीत माझे त्यांच्याशी मतभेद आहेत आणि राहतील. तरी मराठी छपाईचा इतिहास बघणाऱ्याला ती पत्रं टाळता येणार नाहीत.

---

मेघना_प

बायकांची पत्रं कोणी काढली नाहीत. एडवर्ड्सची मुलगी एस्थर बर हिने १७५४ ते १७५७ बॉस्टनच्या सारा प्रिन्स या मैत्रिणीला पत्रांच्या स्वरूपात रोजनिशी लिहिली. पाद्र्याच्या घरात सतत पाहुणे, आजारी मुलं, सरहद्दीवर युद्ध, त्यातून रात्री चार ओळी. कॉलेजातला एक शिक्षक बायकांना मैत्री काय कळते असं म्हणाला, तर तिने त्याच्याशी तासभर वाद घालून त्याला गप्प केलं आणि तो सगळा प्रसंग साराला कळवला.

---

गोदाकाठ

मेघना, हे राहूनच जात होतं, आभार. एस्थरबद्दल वेगळा धागा काढा, आम्ही वाचू.

सुरुवात करणाऱ्यांसाठी : एडवर्ड्सचं सगळं लेखन येल विद्यापीठाने छापील २६ खंडांत आणलं आहे, इंटरनेटवर त्याहून जास्त, मोफत. पत्रांचा खंड सोळावा. हस्तलिखितं येलच्याच बायनेकी ग्रंथालयात आहेत. कागद महाग, म्हणून बिलांच्या पाठी, जुन्या पत्रांच्या कोऱ्या बाजू, बायको-मुली पंखे करायच्या त्यातून उरलेल्या कातरणी, सगळ्यावर बारीक अक्षरात लिहिलेलं. गुलामगिरीबद्दलचा तो खर्डाही पत्रखंडातच आहे. आधी कोलमनचं पत्र, मग तो खर्डा, मग विश्वस्तांना दिलेलं उत्तर, या क्रमाने वाचा. एन्फील्डचं प्रवचन त्यानंतर.